कासमभाई कालचं पुसायचे

कासमभाई गादीवाले रोज सकाळी आधी कालचं पुसायचे आणि मग आजचं लिहायचे. हे वाक्य मी त्यांच्या मुलीला, शबानाला, फोनवर वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "बाई, हेच तं रडणं आहे ना आपलं." रडणंच आहे. त्या माणसानं वर्षानुवर्षं रोज लिहिलं, आमच्या अर्ध्या आर्णी गावानं ते चहासोबत वाचलं, आणि आज त्यातलं काही कुणाजवळ नाही. शबानाला सगळं नकोच होतं. आई गेल्यावर अब्बांनी आईबद्दल जे लिहिलं, तेवढं हवं होतं. ते मी वाचलं होतं, आमच्या रस्त्यावरच्या सगळ्यांनी वाचलं होतं. तरी ते तिला देता आलं नाही.

आधी फळ्याचं सांगते. बाजाराकडे जाताना उजव्या हाताला त्यांचं दुकान. आत कापूस पिंजायचं यंत्र, बाहेर एक खाट, खाटेला टेकवून उभ्या केलेल्या गाद्या, आणि दाराशी एक लाकडी फळा. फळा मूळचा आमच्या शाळेचा. वर्गात नवा हिरवा आला तेव्हा जुना मोडीत निघाला, तो मीच त्यांना देववला. मला वाटलं, हे त्यावर गादी, रजई, उशीचे भाव लिहितील. पहिल्या दिवशी त्यांनी लिहिलं: "आज हवा पश्चिमेची आहे. पिंजताना कापूस समोर उडेल. समोरच्यांनी खिडक्या लावून घ्याव्या." दुसऱ्या दिवशी ते पुसून लिहिलं: "काल बाजारातून जाताना एका बाईची चप्पल आमच्या खाटेखाली राहिली आहे. डावी. नुसती उजवी घालून ती घरापर्यंत कशी गेली हे मला समजलेलं नाही."

त्या दिवशी चप्पल पाहायला माणसं जमली. बाई आली नाही, पण गिऱ्हाईक आलं.

पुसायची त्यांची एक रीत होती. फडकं ओलं करून पिळायचं, चारी कोपऱ्यांपासून सुरू करायचं आणि मध्ये यायचं. गादीत कापूस पसरतानाही त्यांचा हात असाच कोपऱ्यांतून मध्ये यायचा. मग फळा वाळेपर्यंत थांबायचे. ओल्या फळ्यावर खडू चालवणाऱ्या माणसांबद्दल त्यांचं मत चांगलं नव्हतं, आणि त्या माणसांत मी होते.

दिसायला कसे होते? पांढरे. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, कानांवरचे केस पांढरे, सगळा कापूस. तिशीत असतानाच ते म्हातारे दिसायचे आणि खरोखर म्हातारे झाले तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. शुक्रवारी नमाजला जाताना अंघोळ करून निघाले की ओळखीची माणसंही दोनदा पाहायची. त्यांच्या बायकोला, जुबेदाभाभींना, विचारलं तर म्हणायच्या, "मी तं आवाजावरूनच वळखते."

आता माझ्याबद्दल थोडं. नाइलाज आहे, कारण या गोष्टीत जो मूर्खपणा लागतो तो मी पुरवला आहे.

मी शाळेतून रिटायर झाले तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची पोरगी होते. आता पंच्याहत्तरी उलटल्यावर त्या पोरीकडे पाहिलं की मला हसू आवरत नाही. तिनं ब्लॉग काढला. नाव ठेवलं 'शब्द-सरकी'. पहिला लेख 'निवृत्तीच्या उंबरठ्यावर'. दुसरा लेख 'निवृत्तीच्या उंबरठ्यावर: भाग दोन'. उंबरठा ओलांडायलाच तिला वर्ष लागलं. बाजूला 'ललित', 'चिंतन' आणि 'इतर' असे कप्पे, खाली किती लोकांनी भेट दिली त्याचा आकडा. त्यातल्या बहुतेक भेटी तिच्याच असायच्या, कारण आकडा वाढला का हे पाहायला ती दिवसातून अनेकदा जायची. पुण्याचा एक भाचा प्रत्येक लेखाखाली "छान मावशी" लिहायचा. एकदा चुकून कोरंच पान टाकलं गेलं, त्याच्याखालीही "छान मावशी" होतं.

कासमभाईंना मी अभिमानानं नाव सांगितलं. ते म्हणाले, "सरकी तं ढोराले घालतात, बाई."

पुढं शबानानं दिग्रसहून त्यांना मोठ्या काचेचा फोन आणून दिला आणि त्या निळ्या ॲपवर खातं उघडून दिलं. नाव घेत नाही, त्याची जाहिरात मी कशाला करू? कापूस आत जाऊ नये म्हणून फोन प्लास्टिकच्या थैलीत, थैलीवरूनच एका बोटानं टाइप करणं. फळा होता तिथंच राहिला, त्यावर आता खरंच भाव आले. लिहिणं फोनवर गेलं. टाकण्याआधी ते जुबेदाभाभींना वाचून दाखवायचे. भाभी गादीला टाके घालत ऐकायच्या. हसल्या किंवा हूं म्हणाल्या तर ते टाकायचे, आणि भाभींनी सुई थांबवून नुसतं पाहिलं तर सगळं परत लिहायचे.

एकदा आदल्या दिवशीची त्यांची बकरीची गोष्ट मला माझ्या बहिणीला दाखवायची होती. शोधली तर गायब. मी दुकानात गेले.

"कासमभाई, कालचं कुठं गेलं?"

"पुसलं."

"काहून?"

"आजचं लिवाचं होतं ना."

"अहो, तिथं जागेची काय कमी आहे? नवं टाकलं की जुनं खाली सरकतं. राहतं ते!"

त्यांनी यंत्र बंद केलं. "म्हंजे कालचं खाली तसंच पडून राह्यते?"

"हो."

"आन् लोक ते वाचत राह्यतात?"

"हो ना!"

मी जणू त्यांना कुणाच्या घरात उष्टी ताटं तशीच पडलेली दाखवली, असा त्यांचा चेहरा झाला. म्हणाले, "बाई, जुना कापूस काढल्याबिगर त्याच्यावर नवा भरला तं गादीत गोळे होतात."

तिथून आमचा वाद सुरू झाला. शबाना त्यांना कौतुकानं म्हणायची, अब्बा, तुम्ही ब्लॉगर झाले. अठ्ठावन्नची पोरगी आता साठीच्या पुढं गेली होती, तरी हे तिला झोंबलं. मी खाटेवर बसून त्यांना समजावलं, चौथीच्या वर्गाला समजावते तसं. ब्लॉगला शीर्षक लागतं. तारीखवार साठवण लागते. मुख्य म्हणजे स्वतःची जागा लागते. तुमचं ते सोशल मीडियावर पोस्ट टाकणं झालं. दुसऱ्याची भिंत आहे ती, भाड्याची.

"दुकान बी भाड्याचंच आहे, बाई," ते म्हणाले. "गाद्या तं माह्या आहेत ना?"

घरी जाऊन मी 'ब्लॉग म्हणजे काय?' असा लेख लिहिला. "छान मावशी."

मग गावातल्या वाचनालयानं माझं भाषण ठेवलं, विषय मराठी ब्लॉगलेखन. मी नवी साडी नेसून गेले. मागच्या भिंतीवर पडदा, त्यावर 'शब्द-सरकी' झळकत होतं. मी 'चिंतन' या कप्प्याबद्दल बोलत होते. तेवढ्यात समोरचा सायकल दुरुस्तीवाला रफीक उठून म्हणाला, "आपल्या गावचे ब्लॉगर तं कासमभाई आहेत. त्यायचं बी दाखवा ना पडद्यावर."

कासमभाई मागच्या रांगेत होते. "नको ना बे," म्हणत होते. पण वाचनालयवाल्यांनी उघडलंच. वर्षानुवर्षांच्या लिखाणाचं पान उघडलं आणि त्यावर एकच पोस्ट होती, त्या दिवशीची: "आज नळ सकाळी आले नाहीत. पाइप फुटला आहे. चार वाजता येतील, अर्धाच तास."

घड्याळात चारला दहा कमी होते. सगळं सभागृह एकदम उठलं. कोणी घरी फोन लावला, कोणी गाडीच काढली. अध्यक्षही गेले. राहिलो आम्ही दोघं आणि पडदा. माझ्या ब्लॉगसाठी इतक्या वर्षांत एकही माणूस जागचा हलला नव्हता.

"माफ करा, बाई," कासमभाई म्हणाले. "उद्या पुसून टाकतो."

पुसण्याचा त्यांना उपयोगही व्हायचा, हे कबूल केलं पाहिजे. एकदा त्यांनी लिहिलं की काल पिंजायला आलेली एक जोडगादी उसवली, ती एकाच बाजूनं खचली होती, दुसरी बाजू नव्यासारखी कोरी. "दोघांच्या गादीवर एकच माणूस झोपते, हे गादी सांगते. आपण कोणाला सांगू नये." आपण कोणाला सांगू नये, हे त्यांनी अख्ख्या गावाला सांगितलं. दुपारपर्यंत लोकांनी गादी कुणाची ते शोधून काढलं. तो नवरा तणतणत दुकानावर आला. कासमभाईंनी त्याला खाटेवर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "सकाळपावतर दम धरा, भाऊ. सकाळी पुसलं का संपलं." सकाळी खरंच संपलं. गावाला नवं वाचायला मिळालं होतं, जुनं दाखवायला कुणाजवळ नव्हतं. मीच तेवढी घरोघरी जाऊन आठवण करून देत होते, पण पुराव्याशिवाय माझ्यावर विश्वास कोण ठेवणार?

मग जुबेदाभाभी गेल्या. दुखणं थोड्या दिवसांचंच. कासमभाईंनी दुकान बंद ठेवलं, चाळिसाव्या दिवसानंतर उघडलं, आणि त्या दिवसापासून ते भाभींबद्दल लिहू लागले. रोज एक. त्यात कसला शोक वगैरे नव्हता. भाभी उशीत कापूस भरताना आधी स्वतःच्या गालावर घेऊन कसा पाहायच्या. गिऱ्हाइकाची खोळ फाटकी असली की न सांगता आतून ठिगळ कशी लावायच्या. रफीक पंक्चर काढता काढता वाचायचा आणि तोंड फिरवून बसायचा. आमच्या दूधवाल्या कमलाबाईंना वाचता येत नव्हतं, त्या दारोदार दूध घालताना कुणाकडून तरी वाचून घ्यायच्या.

आणि दुसऱ्या दिवशी ते पुसलेलं असायचं.

"हे तरी ठेवा," मी म्हटलं. वादासाठी नाही, खरंच म्हटलं. "लेकीसाठी ठेवा."

"ती होती तवा बी पुसतच होतो ना, बाई," ते म्हणाले. "आता नाही पुसलं तं तिले वाटन, हा माणूस थांबला."

मी खाटेवरची पिशवी उचलली आणि घरी आले.

थंडीत एका सकाळी पोस्ट आली नाही. लोकांना वाटलं, नेट गेलं असेल. रफीकनं शटर वर केलं तर कासमभाई कापसात पडले होते. लकवा मारला होता. यवतमाळच्या दवाखान्यातून परत आले तेव्हा उजवी बाजू गेलेली आणि बोलणं गेलेलं. "नाय" तेवढं राहिलं. माणसाजवळ एकच शब्द राहायचा तर तो कोणता, हे कुठं आपल्या हातात असतं?

शबाना दिग्रसहून आली ती फोन घेऊन थेट माझ्याकडे. "बाई, तुम्ही तं ब्लॉगवाल्या. आईचं काढून द्या." मी चष्मा पुसून बसले. त्या ॲपमध्ये एक कचरापेटी असते, पुसलेलं तिथं महिनाभर राहतं. मोठ्या आशेनं उघडली. बोरवेलचा आवाज. हरवलेली बकरी. सापडलेली बकरी. बकरीवाल्याचे आभार. भाभींबद्दलचं लिहिणं त्यांनी पावसाळ्यातच संपवलं होतं, ते सगळं त्याच्या आधीचं, केव्हाच गेलेलं. मग मी म्हटलं, लोकांनी पुढं पाठवलं असेल. पाठवलंच होतं, कितीतरी जणांनी. त्यांच्या त्यांच्या पानावर जाऊन पाहिलं. वर प्रत्येकानं लिहिलेलं, "नक्की वाचा", "रडवलं कासमभाई", आणि खाली करड्या चौकटीत एक कुलूप: हा मजकूर आता उपलब्ध नाही. घरोघरी तेच कुलूप. मूळ पुसलं की सगळ्यांचंच पुसलं जातं, हे तेव्हा समजलं.

"कोणी हातानं उतरवून बी नाही घेतलं?" शबाना म्हणाली. रोज येतं ते कोण उतरवून घेतं? उद्या दुसरं येणारच असतं.

तेव्हा मला सुलभा आठवली. नागपूरची माझी मैत्रीण, तीही जुनी ब्लॉगवाली, तिचे कप्पे माझ्याहून जास्त. पोस्ट टाकणं म्हणजे ब्लॉग का, या वादात मी तिला पंच नेमलं होतं आणि पुरावा म्हणून कासमभाईंच्या एका पोस्टचा स्क्रीनशॉट पाठवला होता. माझ्याकडचा फोन मधे बदलला, पण ती काहीच टाकून देत नाही. मी फोन लावला.

"सापडला बाई," ती म्हणाली. "पण अगं, ठरलं का शेवटी? ब्लॉग होता का नव्हता?"

"फोटो पाठव," मी म्हटलं.

फोटो आला. पोस्ट भाभींचीच होती. सगळा रस्ता डोळे पुसत होता त्या सकाळी ही बया, म्हणजे मी, लाल रंगानं वर्तुळ काढत बसली होती. जिथं शीर्षक असायला हवं त्या रिकाम्या जागेवर मोठं लाल वर्तुळ, बाण, आणि बाणाशी 'शीर्षक कुठे आहे?' तेव्हा मी आजच्यापेक्षा तरुण होते, एवढंच माझ्या बाजूनं बोलता येतं. वादाला वरचा भाग पुरेसा होता, म्हणून मी वरचाच भाग घेतला होता. लाल वर्तुळाखाली एवढंच होतं:

"जुबेदा सुई कधी माझ्या हातात देत नव्हती. खाली ठेवायची, मग मी उचलायचो. हातात सुई दिली तर दोघांत भांडण होते म्हणे. इतकी वर्षं तिनं हा नेम पाळला. मात्र दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी तिनं सुई सरळ माझ्या हातात दिली आणि म्हणाली… आणखी पाहा"

शबानानं तीनदा वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणाली आई?"

मी ते पूर्ण वाचलेलं होतं. इतकंच आठवत होतं की वाचून झाल्यावर मी बराच वेळ भाजी चिरली नव्हती. चौथीच्या पुस्तकातल्या कविता मला अजून तोंडपाठ आहेत, पण हे वाक्य नाही.

आम्ही दुकानावर गेलो. कासमभाई खाटेवर, पाठीशी उशी. अंघोळ घालणारी माणसं आता दुसरी होती, त्यामुळं रोजच स्वच्छ, आणि म्हणून अनोळखी दिसायचे. रफीक आला, दूध घालून कमलाबाई आल्या. शबानानं फोटो वाचून दाखवला आणि विचारलं, पुढं काय होतं?

"मले पक्कं याद आहे," रफीक म्हणाला. "भाभी म्हणल्या, आता भांडून घे, मंग भेट नाही."

कासमभाईंनी डावा हात हलवला. "नाय."

"तसं कुठं होतं रे?" कमलाबाई म्हणाल्या. "मले पलीकडच्या घरच्या सुनेनं वाचून दाखोलतं. भाभी म्हणल्या, हा टाका तू घाल."

"नाय."

"मंग 'धागा तूच ओव, मले दिसून नाही राह्यलं', असं होतं का?" कमलाबाईंनी परत विचारलं.

"नाय."

रफीकनं आणखी दोन सांगून पाहिले. पानटपरीवरचा एक जण रस्ता ओलांडून आला आणि तिसरंच सांगून गेला. प्रत्येकाला खात्री होती, प्रत्येकानं वाचताना डोळे पुसले होते, आणि ज्याला ते वाक्य ठाऊक होतं तो माणूस समोर बसून एकेक नाकारत होता. त्याच्या तोंडात ते होतं, हे दिसत होतं. ओठ डावीकडून हलायचे, गळ्याची शीर फुगायची, आणि बाहेर यायचं "नाय".

शबाना रडायला लागली. माझ्यानं ते पाहवेना, म्हणून मी आपलं एक रचलं. म्हटलं, मला आठवलं. भाभी म्हणाल्या, "माझ्यानंतर तुझ्या आयुष्याच्या खोळीत आठवणींचा मऊ कापूस राहील."

मग कासमभाईंच्या तोंडाची डावी बाजू वर गेली. खांदे हलायला लागले. दवाखान्यातून आल्यावर ते पहिल्यांदा हसत होते, अर्ध्या तोंडानं, डोळ्यांतून पाणी गाळत.

"बाई," शबाना नाक पुसत म्हणाली, "हे तुमचं सरकीतलं आहे."

दोन दिवसांनी ती त्यांना दिग्रसला घेऊन गेली. गाडी दुकानासमोर लागली होती. रफीकनं त्यांना उचलून मागच्या सीटवर बसवलं, गमछा खांद्यावर नीट केला. फोन त्यांच्या मांडीवर होता, थैलीतून काढलेला, वर डावा हात. मी खिडकीशी गेले. वाटलं, माझ्याकडे पाहतील, पण त्यांचं लक्ष काचेवर होतं. शबानानं तो फोटो त्यांच्या फोनवर घेऊन दिला होता, माझ्या लाल वर्तुळासकट.

ते अंगठ्यानं 'आणखी पाहा' दाबत होते.

तो फोटो होता, त्यात उघडणारं काही नव्हतं. दाबलं की चित्र थोडं मोठं व्हायचं, परत लहान. "ते नाही उघडत, कासमभाई," मी म्हटलं. त्यांनी ऐकलं की नाही, माहीत नाही. थोडं थांबले, काचेकडे पाहिलं आणि गमछ्याचं टोक ओढून काच पुसायला लागले. चारी कोपऱ्यांपासून सुरू करून, मध्ये येत. मग वाळायला वेळ द्यावा तसे थांबले.

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. त्यांनी परत अंगठा ठेवला.